आवासकरांचा रविवारचा ब्लूज

लंडनजवळच्या आमच्या इल्फर्डचे इलियास आवासकर दिवसा बसची इंजिनं दुरुस्त करत आणि गुरुवारी संध्याकाळी पबमध्ये गिटार घेऊन ब्लूज गात. गुरुवारीच का? तर शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस सुरू, आणि शब्बाथला आवासकर वाद्याला हात लावत नसत. मुंबईत त्यांचे वडील बेने इस्राएली कीर्तनं करत, योसेफाची गोष्ट पेटीवर रंगवून सांगत. मुलाने पेटी सोडून गिटार घेतली, एवढाच काय तो फरक. दुःख तेच, फक्त इंग्रजीत.

१९८७ साली एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या ब्लूज फेस्टिव्हलमधून फोन आला. पंधरा वर्षं पबात गाणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच मोठं स्टेज! वार शनिवार, दुपारी चार.

"शनिवारी आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपल्याशिवाय मला वाजवता येत नाही," आवासकर म्हणाले.

"मग तारे दिसल्यावर या," आयोजक केन उदारपणे म्हणाला.

जूनमधल्या इंग्लंडात तारे! दहा वाजले तरी उजेड, आणि साडेदहाला फेस्टिव्हल बंद.

"मग उरतो रविवार, सकाळी अकरा. पण तेव्हा लोक बेकन खात असतात," केन म्हणाला.

"खाऊ देत. मी खात नाही."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. बायको रिवका म्हणाली, "अहो, कोणी नसलं तरी मी बसेन ना पहिल्या रांगेत!"

"तू टाळी चुकीच्या जागी वाजवतेस."

रविवारी तंबूत आम्ही इल्फर्डचे आठ जण आणि एक झोपलेला गृहस्थ. आवासकरांनी योसेफाचा ब्लूज सुरू केला. भावांनी योसेफाला विहिरीत टाकलं, आणि नेमकी तिथेच गिटार थांबवून स्वारी घरच्या सवयीने निरूपण करू लागली! विहीर किती खोल, भाऊ वरून कसे वाकून बघतायत. ब्लूजमध्ये असं कोणी करत नाही. केनने कपाळाला हात लावला. पण पुढे त्या पोराचं काय झालं हे कळल्याशिवाय बाहेरून जाणाऱ्यांचेही पाय निघेनात.

"आता माझ्यामागून म्हणा!" आवासकर म्हणाले. बेकनच्या रांगेतली माणसं सँडविच हातात घेऊन आत आली आणि ओळ म्हणू लागली. योसेफ विहिरीतून वर आला तेव्हा तंबूत उभं राहायला जागा नव्हती. आमच्या तर माना अशा ताठ, की जणू आम्हीच त्याला वर ओढलं.

केन धावत आला. "पुढच्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांत मोठ्या स्टेजवर?"

"शुक्रवारी मी घरी असतो," आवासकर गिटार पुसत म्हणाले. "रविवार अकराची वेळ लिहून ठेवा."

केनने लिहिली. १९९६पर्यंत, दर वर्षी.