आम्ही कोण म्हणून यायचं?

मुकादम हे तिचं नाव नव्हे. ती मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. समोर कोणीही असो, सरळ उभे राहा, हनुवटी वर, श्वास धरा, असे हुकूम सोडायची. तीच सवय तिनं केंद्रात आणली, म्हणून मुकादम. तोंडावर कोणी तसं म्हणत नसे. मीही नाही, आणि मी तर तिच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली.

केंद्र म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पाटीवर 'आरोग्य सल्ला' एवढंच. येणारी सगळी आमच्यातली: बाईवर जीव जडलेल्या बायका, पुरुषांवर जडलेले पुरुष, आणि मिळालेल्या देहाशी कधीच न जमलेले काही. एलजीबीटीक्यू हा शब्द पुढे सरकारी अर्जांवर आला. मुकादम तो अर्जात लिहायची आणि बोलताना 'आपली माणसं' म्हणायची. आपली म्हणून गोड बोलायची, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. उशिरा आलेल्याला ती दारातून परत पाठवायची. रडणाऱ्याला आधी तोंड धुऊन यायला सांगायची.

पण घरात मार खाल्लेलं कोणी आलं की त्याला ती काही विचारत बसत नसे. हाताला धरून दवाखान्यात न्यायची, फोटो काढायची, ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची आणि म्हणायची, "दोन बरगड्या. कोणी मारलं?" माणूस खोटं बोलू शकायचा, बरगड्या खोटं बोलत नसत. मग ती त्याचं सामान आणायला स्वतः त्याच्या घरी जायची. तिच्या आवाजानं भल्याभल्या बापांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलंय. असं तिनं किती जणांना बाहेर काढलं, ते तिनं मोजलं नाही. मीही मोजणार नाही.

तिचं खरं काम म्हणजे ती पिवळी कार्डं. आमच्यातल्या बहुतेकांची दोन आयुष्यं असायची, आणि माणूस आजारी पडला की दोन्ही एकाच कॉटपाशी समोरासमोर यायची. म्हणून प्रत्येकानं कार्ड भरायचं. वर केंद्रातलं नाव, खाली घरचं नाव, मग तीन प्रश्न. काही झालं तर कोणाला कळवायचं? कोणाला अजिबात कळवायचं नाही? आणि आम्ही कोण म्हणून यायचं?

तिसऱ्या प्रश्नावर आम्ही खूप हसायचो. कोणी लिहायचं शिवणक्लास, कोणी वाचनालय. एकानं विमा एजंट लिहिलं होतं. तो पाय मोडून पडला तेव्हा आम्ही पाच जण एजंट म्हणून गेलो, आणि त्याच्या काकांनी मला पाऊण तास पॉलिसीवरून धारेवर धरलं. मी कोर्टात टंकलेखिका, मला विम्यातलं काय कळणार? पण निभावलं. परत येताना मुकादम पोट धरून हसली होती. तिला तशी हसताना मी तेवढीच एकदा पाहिली.

कार्ड कसं भरायचं ते लोकांना कळेना, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं एक नमुना भरला. स्वतःचाच. कोणाला कळवायचं: मोठा भाऊ, पुढे त्याचा फोन नंबर. कोणाला नाही: एक रेघ. कोण म्हणून यायचं: ऑफिसातले. खाली सही आणि तारीख. गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथल्या बाईकडून तो मोठा करून घेतला, वर प्लास्टिक चढवलं आणि दाराशेजारी चार स्क्रूंनी बसवला. बावीस वर्षं तो तिथंच होता.

तो भाऊ कोण? एकोणतिसाव्या वर्षी तिच्या पेटीत एका बाईची पत्रं सापडली, तेव्हा तिला घराबाहेर काढून आतून कडी लावणारा हाच. मग त्याचंच नाव का लिहिलं? तिनं कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी तिला भाऊ हवा होता. नंतर नको झाला असेल, पण भिंतीवरच्या कागदाकडे रोज कोण बघतं?

झेरॉक्सवालीला तो तिसरा प्रश्न काही कळला नव्हता. तिनं विचारलं, मुकादमनं समजावलं, आणि समजावणं चार वर्षं चाललं. मग मुकादम दुकानामागच्या खोलीत राहायला गेली. अठरा वर्षं त्या दोघी तिथं राहिल्या. झेरॉक्सवाली बारीक, हळू बोलणारी. मुकादम तिच्यावर कधी आवाज चढवत नसे, उलट तिनं डोळे वटारले की ही सुतासारखी सरळ. केंद्राची सगळी कार्डं त्याच दुकानातून छापून यायची. मात्र तिनं स्वतः कधी भरलं नाही. मी काय तुमची सभासद आहे, म्हणायची, मी फक्त कॉप्या काढते. साऱ्या जगाच्या मागे कार्डासाठी हात धुऊन लागणाऱ्या मुकादमच्या घरात दोन माणसं होती आणि खरं कार्ड एकाचंही नव्हतं.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

आमच्यात एक बस कंडक्टर होता. अपेंडिक्स फुटून दवाखान्यात पडला. कार्डावर 'कोणाला नाही' या ओळीत 'आई' लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. आणि हा तापात सारखा आईलाच हाका मारत होता. तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही, मी त्याच्या आईला फोन केला. आई आली, बरोबर दोन भाऊ आणि मामा. ते उशाशी बसले, त्याचा फोन त्यांनी चाळला, आणि टाके निघायच्या आत त्याला घेऊन गेले. चार महिन्यांत लग्न लावून दिलं. पुढे एकदा मी त्याच्याच बसमध्ये चढले. त्यानं मला तिकीट दिलं, सुट्टे द्या म्हणाला, आणि पुढे गेला.

मुकादमनं सभा बोलावली. चाळीस माणसं, खुर्च्या कमी पडल्या. मला मधोमध उभं केलं, त्याचं कार्ड हातात दिलं आणि वाचायला लावलं. मी वाचलं. पुन्हा, म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला, तेव्हा म्हणाली, "तुझ्या दयेनं तो मेला. यापुढे सही केलेलं कार्ड म्हणजे शेवटचा शब्द. इथं दया करायला कोणी यायचं नाही." वर्षभर मला फोनला हात लावू दिला नाही. मी जिने झाडले. नंतर तिनंच मला सेक्रेटरी केलं. पण त्या दिवशी चाळीस जणांसमोर माझी जी शोभा झाली ती मी विसरले नाही. विसरले असं दाखवलं, ते वेगळं.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, केंद्राच्याच जिन्यात मुकादम कोसळली. डोक्यात रक्तस्राव. तिच्या जुन्या दवाखान्यातच नेलं, ओळखीच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे मात्र उघडे, आणि डाव्या हाताची बोटं हलत होती. डॉक्टर म्हणाले, समजतंय सगळं, बोलता येणार नाही. पुढचं ठरवायला नात्यातलं कोणी आहे का?

झेरॉक्सवाली म्हणाली, मी आहे. कोण तुम्ही? तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी केंद्रावर गेले. ती माझ्यामागोमाग आली. कार्डांच्या पेटीत तिचा एक नंबरचा कप्पा रिकामा. मुकादमनं दुसरं कार्ड भरलंच नव्हतं. मी दाराशेजारच्या नमुन्यासमोर उभी राहिले.

"तो नमुना आहे गं," ती म्हणाली. "प्लास्टिक मीच चढवलंय त्याच्यावर. बावीस वर्षांत भाऊ एकदा फिरकला नाही. मी नेते तिला घरी, मी करते सगळं. तू फक्त तो फोन करू नकोस. तुझ्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली.

तो नमुना होता हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. दोघींनी संसार केलेला मी अठरा वर्षं पाहिला होता. पण खाली सही होती, तारीख होती, आणि कानात तो आवाज होता: पुन्हा. मी म्हणाले, सही केलेलं कार्ड म्हणजे शेवटचा शब्द, हा तिचाच नियम आहे. हे बोलताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मी स्टुलावर चढून स्क्रू काढले, नंबर फिरवला. वाटलं होतं, इतक्या वर्षांत नंबर बदलला असेल. तिसऱ्या घंटीला भावानं उचलला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मला एखादा राक्षस अपेक्षित होता. आला तो थकलेला, नीट भांग पाडलेला म्हातारा. कॉटजवळ जाऊन 'बेबी' म्हणाला आणि ढसाढसा रडला. मुकादमला घरात बेबी म्हणायचे, हे आम्हाला तेव्हा कळलं. झेरॉक्सवाली पलीकडे उभी होती, मुकादमचा डावा हात तिच्या हातात. भावानं डोळे पुसले आणि मला विचारलं, "या कोण?"

कार्ड माझ्या पिशवीत होतं. तिसरी ओळ मला पाठ होती. मुकादम माझ्याकडेच बघत होती.

"ऑफिसातल्या," मी म्हणाले.

भाऊ हात जोडून म्हणाला, फार उपकार झाले, तुम्ही दमला असाल, आता घरी जा, आता आम्ही आहोत. झेरॉक्सवालीनं हात सोडवून घेतला. सोडवावा लागला, कारण मुकादमची बोटं आवळलेली होती. ती एकेक करून काढली आणि निघून गेली.

भावानं तिला घरी नेलं आणि चांगलं सांभाळलं. हेच वाईट झालं. हाल केले असते तर आम्ही भांडलो असतो. आम्ही महिन्यातून एका रविवारी चार ते पाच जायचो, ऑफिसातले म्हणून. चहा मिळायचा. चाळीस वर्षं मानेवर केस न ठेवलेल्या मुकादमचे केस वहिनीनं वाढवले होते, तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या. किती गोड दिसते ना आमची बेबी, म्हणायची. झेरॉक्सवाली पहिल्या महिन्यात आली, भिंतीकडेच्या खुर्चीत तासभर बसली, कपातला चहा तसाच ठेवून उठली. पुन्हा आली नाही. मुकादम दर खेपेला आमच्यामागे दाराकडे बघायची. असं सात महिने. मग गेली. अंत्यविधीला आम्ही मागे उभे होतो, ऑफिसातले म्हणून. झेरॉक्सवालीला मी कळवलं होतं. तिनं दुकान उघडं ठेवलं होतं.

त्यानंतर सगळ्यांनी नवी कार्डं भरली. एक दिवस झेरॉक्सवालीही आली. कोरं कार्ड मागितलं, माझ्याच टेबलावर उभ्यानं भरलं, सही केली, पाकिटात घालून चिकटवलं आणि पेटीत टाकलं. मला वाटलं, निदान आली तरी.

गेल्या महिन्यात तिचं दुकान चार दिवस बंद दिसलं. केंद्रावर गेले तर हल्ली फोन सांभाळते ती मुलगी आणि आणखी दोघी बाहेरून येत होत्या, डोळे सुजलेले. मी विचारलं, झेरॉक्सवाली कुठं आहे, कोणत्या दवाखान्यात? ती फोनवरची पोरगी चांगली आहे, कामाला चोख. मीच शिकवलंय तिला.

"ताई, मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

मी म्हणाले, अगं, मी सेक्रेटरी आहे इथली.

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि पेटीतून कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. कोणाला कळवायचं: रेघ. कोणाला अजिबात कळवायचं नाही: सेक्रेटरी. खाली सही होती, तारीख होती. मी ते पुन्हा एकदा वाचलं आणि तिच्या हातात परत दिलं.