टेकडीवरची पहिली कबर

पुणं सोडून परदेशात आलो तेव्हा बेडोकला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक चिनी आंटी राहायची. नवरा गेलेला, मुलगा पर्थला, गुडघे कामातून गेलेले. एप्रिलमध्ये त्यांच्यात पूर्वजांच्या कबरी साफ करायला जातात. एका वर्षी तिच्यासोबत जायला कुणीच नव्हतं, म्हणून मी गेले. आमच्याकडच्या बायकांनी कधी स्मशानाचं तोंड पाहिलेलं नाही, आणि इथे मी कोयता घेऊन कबरींवरचे वेल तोडत होते. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि पुण्याला फोनवर अवाक्षर काढलं नाही.

ती दफनभूमी एका गावाची होती आणि ते गाव केव्हाच नाहीसं झालेलं. आंटीचे आजोबा आणि आणखी चार-पाच घरं चीनहून आली, रान तोडलं, मिरीचे वेल लावले. पुढे मिरी परवडेना, मग भाजी आणि डुकरं. नंतर सरकारने सगळ्यांना फ्लॅट दिले, घरं पाडली, विहिरी बुजवल्या. उरली ती टेकडी.

त्या टेकडीवर सगळ्यांत आधी गेली आंटीची आजी. बाळंतपणानंतर तापाने गेली, विशीसुद्धा गाठली नव्हती बिचारीने. गावात तोवर कुणी मेलंच नव्हतं, त्यामुळे पुरायचं कुठे हेही ठरलेलं नव्हतं. आजोबांनी वरची जागा निवडली, जिथून त्यांचा मळा दिसायचा. नाव कोरायला पाथरवट कुठून आणणार? ओढ्यातला एक धोंडा उचलून डोक्याशी ठेवला. गावातली पुढची सगळी माणसं तिच्या खालच्या उतारावर आली. आजोबासुद्धा पार पायथ्याशी, कारण तोवर वर जागा राहिली नव्हती.

आंटी पायथ्याशी आजोबांपाशी बसायची. वर आजीसाठी संत्री आणि अगरबत्ती घेऊन मी चढायची. अशी चार वर्षं गेली. मला वर चढायला आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. तो धोंडा नेमका कुठल्या झाडामागे आहे, हे शेवटी एकट्या मलाच सांगता आलं असतं.

मग रस्ता निघाला. टेकडी कापायची ठरली. प्रत्येक कबरीला नंबर लागला. घरच्यांनी फॉर्म भरला की अस्थी काढून त्यांच्या हातात देणार होते. आजोबांना नंबर मिळाला. धोंड्याला नाही, कारण ती कबर वाटतच नव्हती. अशी जागा स्वतः जाऊन दाखवायची मुदत एका शनिवारपर्यंत होती. आंटी तो कागद घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, शनिवारी सकाळीच जाऊ.

शुक्रवारी आमच्याकडे गणपती बसले. सासूबाई खास त्यासाठी पुण्याहून आलेल्या. घरात गणपती आणि मी दफनभूमीत जाऊन येणार? त्यांना विचारायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही. आणि खरं सांगायचं तर मुदतीची मला फिकीरच नव्हती. आपल्याकडे शेवटची तारीख म्हणजे पहिली तारीख, ती वाढतेच, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. मी आंटीला सांगितलं की चांगी बिझनेस पार्कला ऑफिसचं काम निघालंय, विसर्जन झालं की बुधवारी जाऊ. तिने मोदकांची ताटली दोन्ही हातांनी घेतली आणि इथल्या बोलीतलं नेहमीचं शेपूट लावून म्हणाली, काम आधी लाह.

बुधवारी तिथे पत्रे लागलेले होते. फाटकावरचा माणूस फार सभ्यपणे म्हणाला की यादी शनिवारी बंद झाली. मी भांडले, मग हातापाया पडले. त्याने नकाशा उघडून दाखवला. वरच्या उतारावर सोमवारीच मशीन फिरलं होतं. नंबर नसलेल्या जागी जे मिळालं, ते एकत्र जाळून समुद्रात सोडणार होते. आंटी शेजारी उभी होती. तिने माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही टॅक्सीत बसलो.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं, रडत रडत. त्या भाजी निवडत होत्या.

"मला विचारायचंस तरी," त्या म्हणाल्या. "जाऊन ये म्हटलं असतं. येऊन आंघोळ करायची, झालं. गणपती काय तुझ्यावर रुसणार होता?"

माझा आधी त्यांच्यावरच संताप झाला. आता सांगताय, म्हटलं. पण त्यांचा काय दोष? चोर माझ्या मनात होता.

महिनाभराने आंटीने मला ईस्ट कोस्टला समुद्रावर नेलं. तिने संत्री सोलली, पाण्यात सोडली आणि विचारलं की तुमच्यात तर अस्थी पाण्यातच सोडतात ना, म्हणजे तशी आजी बरी असेल. माझी समजूत घालत होती बाई. मला ते सहन होईना.

"त्या शनिवारी मला ऑफिस नव्हतं," मी म्हटलं.

"माहीत आहे. तुझ्या चपला दिवसभर दाराबाहेर होत्या." तिने हात पुसले. "मी दोनदा आले होते दारापर्यंत. आत घंटा वाजत होती. देवापुढून माणसाला कसं उठवायचं, म्हणून परत गेले."