एका झटक्याचा निवाडा

मोहगावच्या कवडूचा धंदा बुडखे उपटायचा. डिंक्या रोग लागून संत्र्याचा बगीचा वाळला की लोक खोडं तोडून नेतात, जमिनीत राहतो तो बुडखा. कवडू त्याला साखळी आवळतो, ट्रॅक्टर पहिल्या गेरात टाकतो आणि एका झटक्यात मुळासकट बाहेर. वाळलेला बुडखा हलत्या दातासारखा निघतो. जित्या झाडाची मुळं माती सोडत नाहीत. म्हणून झाड मेलं का जितं असा वाद पडला की आमच्याकडे कवडूलाच बोलावतात. माणूस वाईट नाही. फक्त आपल्या साखळीतून आजवर काही सुटलं नाही, हे तो पानठेल्यावर, मयतीत, जावयासमोर, कुठंही सांगतो.

पंचफुलाचा नवरा मेला तेव्हा तिच्या नावानं वावर नव्हतं. पंचांनी तिच्या भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, भाऊरावला बजावलं: नवऱ्यानं लावलेल्या संत्र्यांतलं एक जरी झाड जितं आहे, तोवर धुऱ्याजवळची, बांधालगतची पट्टी तिची. झाडं एकेक करून गेली. शेवटचंही वरून वाळलं, त्याचंही खोड तोडलं. पण संत्र्याचं कलम बांधतात जंभेरी लिंबाच्या खुंटावर, आणि त्या खुंटाला खालून फूट आली. काटेरी, आंबट, पण हिरवी. पंचफुला तिला घागरीनं पाणी घाली. भाऊराव म्हणे, हे काय झाड झालं? कवडूला बोलावू म्हणाला, तर पंचफुलानं लगेच हो म्हटलं. तिला मुळांचा भरवसा होता.

सकाळी अर्धं गाव धुऱ्यावर येऊन बसलं. साखळी ताणली, ट्रॅक्टरनं काळा धूर ओकला, पुढची चाकं हातभर वर उठली. बुडखा तिथंच.

"म्हातारा झाला गा कवडू तुहा ट्रॅक्टर," कोणीतरी म्हणालं आणि धुरा हसला.

पंचफुलानं पदर खोचला. "नाई निघाला, कवडूभाऊ. जिता हाय. सांगून टाक सगळ्याइले."

कवडू खाली उतरला. त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं, हसणाऱ्यांकडे होतं. त्यानं लोखंडी सब्बल मागवली, बुडाभोवती खड्डा केला आणि कुऱ्हाडीनं मुळं तोडायला लागला. आतून पांढरी, पाणी सुटलेली मुळं. पंचफुला आडवी आली.

"सरक व बाई, पाय तुटन," एवढंच म्हणाला.

साखळी पुन्हा लावली. बुडखा हिरव्या पानांसकट फरफटत आला.

"निघाला," भाऊराव म्हणाला. "म्हंजे मेलाच होता."

पंचफुलानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणाचं पाणी भाऊरावच्या विहिरीवरून, कोणाची वाट त्याच्या वावरातून. सगळे ढुंगणाची माती झटकत उठले. दुपारी पट्टी नांगरून झाली. नांगर कवडूचाच.

सांजेला पंचफुला बुडखा दोरीनं ओढत घरी चालली होती. मागून आलेल्या कवडूनं ट्रॅक्टर थांबवला.

"इतक्यात चुलीत नोको घालू व बाई," तो म्हणाला. "ओला हाय. पेटनार नाई."