भिंतीपलीकडची लेक

भूगोलाच्या बाईंच्या तासाला कुणी मध्ये बोलत नसे. बाई वाक्य संपवायच्या, खडू खाली ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, कुणाला काही विचारायचंय?" बहुतेक वेळा कुणालाच काही विचारायचं नसे. बावीस वर्षांची शिस्त होती ती, आणि बाईंना तिचा अभिमान होता.

त्या वर्षी शेजारच्या वर्गावर विज्ञानाचे नवे सर आले. दोन्ही वर्गांच्या मध्ये नुसती प्लायवुडची भिंत. सरांचं एक वाक्य कधी पुरं होत नसे.

"पाणी उकळलं की..."

"सर, पण डोंगरावर?"

"थांबा सर, ही चुकतेय."

"आधी माझं ऐका ना."

"अरे, मला निदान क्रियापदापर्यंत तरी पोचू द्या," सर म्हणायचे, आणि सगळा वर्ग खिदळायचा.

बाईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं, बाजारवाले सर.

एकदा त्या कलकलाटात त्यांना एक आवाज ओळखू आला. त्यांचीच लेक, आठवीतली. घरी ती ताटातून मान वर काढत नसे. हो, नाही, माहीत नाही, एवढ्यावर दिवस निघायचा. इथे मात्र ती ठणकावून सांगत होती, "एक मिनिट, सर. तुम्ही आत्ताच उलटं सांगितलंत."

"खरंच की. ये, फळ्यावर तूच दाखव."

बाई नकाशावर काठी टेकवून तशाच उभ्या राहिल्या. आपण कुठल्या नदीवर होतो हेच त्यांना आठवेना. पन्नास मुलं समोर बसली होती, पण एकानेही आठवण करून दिली नाही.

बाईंच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. दोन दिवसांनी त्यांनी मुख्याध्यापिकांकडे लेखी तक्रार दिली. शेजारच्या वर्गातल्या आवाजामुळे अध्यापनात व्यत्यय येतो, असं त्यात होतं. ते खोटं नव्हतं. बाकीचं त्यांनी लिहिलं नाही.

सरांना समज मिळाली. मुलांनी हात वर करायचा, नाव घेतल्यावरच बोलायचं. भिंतीपलीकडे सामसूम झाली. शिक्षकांच्या खोलीत सर स्वतःहून बाईंजवळ आले. "बाई, तुम्हाला त्रास होतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही. माफ करा." ते भांडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्यांना वाटलं होतं, तिथलं बोलणं थांबलं की ते घरी वळेल. लेक आणखीच गप्प झाली. शेवटी बाईंनीच विषय काढला. "विज्ञानाच्या तासाला आता काही विचारत नाहीस का गं?"

"हात वर करून बसावं लागतं. नंबर येईपर्यंत प्रश्नच विसरते."

"मग घरी मला विचार."

"तुझं बोलणं संपतच नाही, आई," लेक म्हणाली. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. तिने वही मिटली आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा मुख्याध्यापिकांसमोर बसल्या. "तक्रार मागे घेते. माझा वर्ग वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत हलवा."

"अहो, तुमचे गुडघे? दोन जिने आहेत."

"चढेन."

हे मनाचं मोठेपण नव्हतं. तो आवाज ऐकणं त्यांना सोसवत नव्हतं, आणि आपण तो बंद पाडला हेही सोसवत नव्हतं.

महिन्याभराने रात्री जेवताना बाई लेकीच्या बाबांना भरती-ओहोटी समजावून सांगत होत्या. "चंद्र समुद्राचं पाणी ओढतो, म्हणून दिवसातून एकदा..."

"थांब आई, दोनदा," लेक म्हणाली.

बावीस वर्षं शिकवलेलं बोलण्याच्या भरात चुकलं होतं, तरी बाईंच्या कपाळाला सवयीने आठी पडली. पण त्यांनी आपली वाटी लेकीपुढे सरकवली. लेकीने वाटी मधोमध ठेवली, लिंबू तिच्याभोवती फिरवलं आणि दोन्ही बाजूंचं पाणी कसं फुगतं ते दाखवू लागली. बाबांचा घास हातातच राहिला.

"सर म्हणाले की पलीकडच्या बाजूला..."

"सरांचं राहू दे," त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं ते..."

पण लेक थांबली नव्हती. आईच्या आवाजावर आवाज चढवून ती केव्हाच पुढे गेली होती.