तोंडात धरलेलं पाणी

महादेव कापसावर पाणी मारताना सापडला म्हणून मेला, असं लोक अजून सांगतात. महिना होत आला त्याला जाऊन. खोटं आहे ते! मी तिथे होतो.

मुंबईच्या कॉलेजात वऱ्हाडचे आम्ही दोघंच. मी अकोल्याचा, तो चांदूर बाजारकडचा, खोली एकच. महादेव, आमचा म्हादू, बुद्धीनं तल्लख, पण राग नाकाच्या शेंड्यावर. "अडाणी वऱ्हाडी" म्हणणाऱ्या एकाचं डोकं त्यानं पितळी ताटानं फोडलं, तेव्हा प्राचार्यांनी बजावलं, "पुन्हा हात उचललास तर नाव कमी करीन." मग म्हादूनं आईचा तोडगा धरला... राग आला की तोंडात पाणी घ्यायचं, उतरेपर्यंत गिळायचं नाही, थुंकायचं नाही. गाल फुगवून बसलेल्या त्या धिप्पाड गड्याला पोरं वानर म्हणत. तो तेही सोसायचा. मला त्याचा केवढा अभिमान वाटे!

सुट्टीत त्याच्या वडिलांबरोबर कापसाची गाडी घेऊन आम्ही अमरावतीच्या बाजारात गेलो. अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. वजन वाढवायला काही लबाड तोंडानं पाण्याचे फवारे मारत, त्यांच्यापायी सगळ्यांचाच भाव पाडला जाई, म्हणून बाजार चवताळलेला. आमचा माल ओला म्हणत अडत्याच्या माणसानं म्हादूच्या बापाच्या कानफटात मारली. म्हादूनं तांब्या तोंडाला लावला आणि गाडीला टेकून उभा राहिला.

"पाहा, पानी मारून राह्यला कापसावर!" कोणीतरी ओरडलं. लोक धावून आले.

"थुक, म्हादू! बोल ना बे!" मी किंचाळलो. त्यानं नुसती मान हलवली. राग उतरला नव्हता. कोणीतरी उपसलेली गाडीची उभारी, ते कडेचं जाड दांडकं, त्याच्या जबड्यावर बसली आणि पाणी, रक्त, दात, सगळं कापसावर उडालं. झालं, पुरावाच मिळाला त्यांना! मग लाथा, दगड, उभाऱ्या... मला खाली दाबून धरलं होतं. कवटी फुटलेली मी ऐकली. त्याचे हात शेवटपर्यंत खालीच होते.

"त्यानं हात काहून नाई उचलला?" सरणापाशी त्याच्या वडिलांनी विचारलं. "लहानपनी तं सांडालेबी भिडे."

"कॉलेज सुटलं असतं, काका."

"मंग सुटू द्याचं होतं ना, बाप्पा!"

परवा खोलीला चुना द्यायला माणूस आला. म्हादूच्या खाटेशेजारी भिंतीत खड्डा आहे, पहिल्या वर्षी त्यानं मारलेल्या बुक्कीचा. माणूस तो बुजवू लागला, तसा मी त्याचा हात धरला... म्हादूचा राग तेवढाच उरलाय. तो तरी राहू द्या.