रेझ्युमेवरून गाळलेलं कॉलेज

जय भीम मंडळी.

आज इथे कॅनडात, विनिपेगमध्ये बुद्धवंदनेनंतर मी मुलांना अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीयांच्या कम्युनिटी कॉलेजबद्दल सांगितलं. बाकी दारं बंद होती तेव्हा त्या लोकांनी ते उभं केलं. आज तिथे नर्सिंग आहे, वेल्डिंग आहे, संध्याकाळचे वर्ग आहेत. टाळ्या पडल्या.

मग वंदनेला आलेल्या सुनीताताई हळूच म्हणाल्या, "दादा, माझ्या श्रेयाला नर्सिंगच करायचंय. पण असल्या कॉलेजात नको हं. डिग्रीवर ते नाव जन्मभर राहतं."

माझं गावाकडचं कॉलेजही आपल्याच लोकांसाठी उभं राहिलेलं. इथे नोकरीसाठी अप्लाय करताना मी रेझ्युमेवर फक्त युनिव्हर्सिटी लिहिली होती.

घरी येऊन रेझ्युमेची फाइल उघडली. तशीच बंद केली.

तुमच्या रेझ्युमेवर काय लिहिलंय?