पश्चिमेची जाळी

त्या जुलैत मला कोल्हापुरात चैन नव्हती. पावसाचा आवाज वाढला की मी ऑफिसातल्या खिडकीशी येरझाऱ्या घालायचे. चंदगडच्या एका वाडीत मी आखलेली दोन वर्गांची शाळा आपला पहिलाच पावसाळा काढत होती. त्यात शाळेच्या बाईंचा फोन आला, "तुमची जाळी बुजवायचं ठरलंय. उद्याच."

बुजवायचं! त्या जाळीसाठी मी किती भांडले होते. जवळच्या खाणीतला जांभा दगड, जुन्या शाळेची उतरवलेली कौलं आणि पश्चिमेच्या भिंतीत, खाली बसलेल्या मुलाच्या नजरेच्या उंचीपासून वर, सगळी दगडी जाळी. वारा आत, डोंगर समोर. पंखा नको, दिवा नको. गावचे गवंडी, ज्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात, ते तेव्हाच म्हणाले होते, "ही बाजू मोकळी सोडू नगासा." कारण विचारायचं सोडून मी त्यांनाच नकाशा समजावला. शिकलेली ना मी!

लगेच एसटी पकडली. गडहिंग्लज येईपर्यंत मनातल्या मनात मी अख्ख्या गावाला गप्प केलं होतं.

पोचले तर जाळीवर बाहेरून तात्पुरत्या बांबूच्या तट्ट्या बांधलेल्या, आत भर दुपारी बल्ब लावलेला आणि सगळी मुलं पलीकडच्या भिंतीला दाटीवाटीनं बसलेली.

"काढा त्या तट्ट्या," मी मिस्त्रींवर खेकसले.

त्यांनी वाद घातला नाही. एक तट्टी सोडली आणि विचारलं, "मॅडम, पावसात कधी आलतासा काय हिकडं?"

नव्हते आले. जागा मापायला एप्रिलमध्ये आले, पाया बघायला डिसेंबरात. घरोघरी माळ्यावर रचलेल्या तट्ट्या मी पाहिल्या होत्या, हौसेनं फोटोही काढले होते. त्या कशासाठी, हे मात्र विचारलं नव्हतं.

तरी हट्टानं जाळीला लागून सतरंजीवर बसले. पाऊस वरून पडतच नव्हता, आडवा आत येत होता. पाच मिनिटांत मांडीवरचा नकाशा भिजला, दहा मिनिटांत मी कुडकुडायला लागले. मुलं खिदळत होती. पहिलीतली एक मुलगी तेवढी हसली नाही.

"बाई, हिकडं या," ती म्हणाली. "मी तितंच बसत हुती. ताप आला मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मिस्त्री, बुजवा," मी म्हणाले. "उद्या कशाला, आत्ताच. आणि उजेड कुठून घ्यायचा ते तुम्हीच सांगा."

"सांगतो की. आदी कापडं बदला."